आई-वडिलांना भेटीची वेळ लावू नका: नवजात अतिदक्षता विभाग चालवणाऱ्यांना खुले पत्र

रुग्णालयांचे अधीक्षक, बालरोग विभागप्रमुख, मेट्रन, आणि या विभागांसाठी खरेदी, जागा व माणसं ठरवणारे सर्व जण यांना,

सप्रेम नमस्कार.

मी नवजात अतिदक्षता विभागात काम करणारी परिचारिका आहे. तुम्ही राउंडला येता तेव्हा व्हेंटिलेटरवर किती बाळं, सीपॅपवर (नाकातून दाबाने हवा देणाऱ्या यंत्रावर) किती, संसर्ग किती, मृत्यू किती हे विचारता. विचारायलाच हवं. पण पेटीतल्या (इनक्युबेटरमधल्या) बाळाला आज सलग झोप किती मिळाली, त्याला किती वेळा टोचलं, टोचताना दुखू नये म्हणून काय केलं, आईच्या छातीवर ते किती तास होतं, हे एकाही राउंडमध्ये कोणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

ज्याची विचारणा होत नाही ते काम स्वभावावर जातं. हौशी सिस्टर ड्युटीवर असली की दिवे मंद होतात, पेटीवर कापड येतं, बाळाभोवती सुती कापडाची गुंडाळी लावली जाते, आईला हाक मारून आत बोलावलं जातं. पाळी बदलली की सगळं पुन्हा होतं तसं. अँटिबायोटिकचा डोस आपण कुणाच्या मायाळूपणावर सोडत नाही. तो कागदावर असतो, त्याची वेळ ठरलेली असते आणि चुकला तर जाब विचारला जातो. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचा आराम हासुद्धा उपचारच आहे आणि त्यालाही तसाच कागद हवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

अठ्ठाविसाव्या आठवड्यात जन्मलेलं बाळ आईच्या पोटात अजून बारा आठवडे अंधारात, उबेत, पाण्यात तरंगत राहणार होतं. हातपाय ताणले की चहूबाजूंनी भिंत लागत होती. बाहेरचे आवाज गाळून, बोथट होऊन पोचत होते. मेंदूला वळ्या पडण्याचं, पेशींची जोडणी होण्याचं मोठं काम याच आठवड्यांत चालतं. चौतिसाव्या आठवड्यातल्या मेंदूचं वजन पूर्ण दिवसांच्या बाळाच्या मेंदूच्या साधारण दोन-तृतीयांश असतं. म्हणजे लवकर आलेल्या बाळाच्या मेंदूची फार मोठी वाढ आपल्या विभागात, आपल्या ट्यूबलाइटखाली, आपल्या गोंगाटात होते. आपण तिथे फक्त फुप्फुसं सांभाळत नाही.

आणि बाळ गप्प नसतं. रडण्याइतकी ताकद नसली तरी ते सांगत असतं. बोटं फाकतात, पंजा समोर ताठ येतो, पाठ कमानीसारखी वळते, उचकी लागते, एकामागून एक जांभया येतात, अंगावर जाळीदार डाग उठतात, नजर वळते. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, यानंतर घसरतं. मॉनिटर वाजेपर्यंत थांबणारी सिस्टर उशिरा पोचते. बाळाकडे बघणारीला आधीच कळलेलं असतं. उलट हात तोंडाशी गेले, कपाळ सैल पडलं, बोट धरलं, की समजावं जरा बरं वाटतंय. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ हायडेलिस आल्स यांनी १९८०च्या दशकात ही भाषा नीट मांडली आणि प्रत्येक बाळाचं निरीक्षण करून त्याप्रमाणे काळजीची आखणी करण्याची पद्धत उभी केली. पूर्ण पद्धतीचं प्रशिक्षण लांबलचक आणि खर्चिक आहे, आणि तिच्या दूरगामी फायद्यांबद्दल संशोधकांत एकमत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगते. पण बाळाच्या खुणा वाचायला शिकण्यासाठी कुठल्याही प्रमाणपत्राची गरज नाही. नव्या सिस्टरला पहिल्या आठवड्यात पंप आणि मॉनिटर शिकवतात, तसंच हेही शिकवायला हवं.

आता आवाज. अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने १९९७ मध्येच सांगितलं की या विभागात आवाज ४५ डेसिबलच्या वर जाणं काळजीचं आहे. साधं बोलणं साठच्या आसपास असतं, आणि दर दहा डेसिबलला आवाजाची तीव्रता दहापट होते. आपल्यापैकी किती जणांनी आपल्या विभागात मोजणी केली आहे? मोजायच्या आधीच कारणं मी सांगू शकते. पेटीच्या छपरावर आदळलेली फाइल. पेटीच्या खिडकीचं झाकण एका हाताने धाडकन लावणं. व्हेंटिलेटरच्या नळीत साचलेलं पाणी. पायाने उघडायच्या कचऱ्याच्या डब्याचं झाकण. दर दोन मिनिटांनी उगाच वाजणारा अलार्म, कारण मर्यादा त्या बाळाप्रमाणे लावलेल्याच नाहीत. आणि पेटीभोवती उभं राहून चालणारा राउंड, ज्यात आठ जण एकाच वेळी बोलतात. यातल्या जवळजवळ कशालाही पैसा लागत नाही. फाइल टेबलावर ठेवायची, झाकण दोन हातांनी लावायचं, चर्चा दोन पावलं मागे येऊन करायची.

पण शांतता म्हणजे सामसूम असं मी म्हणत नाही. अमेरिकेतल्या सेंट लुईसमधल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक विचार करायला लावणारी गोष्ट मांडली. त्यांच्याकडे काही बाळं एकेकट्या खोल्यांत होती, काही मोठ्या सामाईक दालनात. एकेकट्या खोलीतल्या बाळांची दोन वर्षांच्या वयातली भाषा मागे पडलेली दिसली. तिथे आई-वडील फारसे येऊ शकत नव्हते, त्यामुळे खोली शांत होती आणि रिकामीही. नव्या इमारतीचे आराखडे घेऊन बसलेल्यांनी हे आवर्जून लक्षात घ्यावं. खोली बांधलीत तर त्यात आईच्या पलंगाची जागा आधी काढा. बाळाला यंत्राचा आवाज नको असतो. माणसाचा, जवळून, हळू आवाजात बोलणाऱ्याचा, हवा असतो.

उजेडाबद्दल थोडक्यात. पेटीवर कापड घाला, पण बाळाचा चेहरा आणि रंग दिसेल अशी एक बाजू उघडी ठेवा. तपासणीचा दिवा त्याच बाळापुरता लावा. कावीळीसाठी निळ्या दिव्याखाली ठेवलेल्या बाळाचे डोळे आपण झाकतो, शेजारच्या पेटीत तो उजेड जातो तिकडे मात्र कुणी बघत नाही. बाळ जरा मोठं झालं की दिवस आणि रात्र यांत फरक ठेवा. चोवीस तास लख्ख आणि चोवीस तास अंधार, दोन्ही नकोत.

झोपेचं जास्त सांगते, कारण ती सगळ्यात जास्त आपणच मोडतो. सकाळी सातला वजन, साडेसातला रक्त, आठला राउंड, सव्वाआठला एक्स-रे, मग डोळ्यांचे डॉक्टर, मग मेंदूची सोनोग्राफी. प्रत्येक जण आपापल्या वेळेत येतो, प्रत्येकाला घाई असते आणि प्रत्येक वेळी पेटीची खिडकी उघडते. कामं एकत्र बांधा असं पुस्तकं सांगतात. बरोबर आहे, पण त्याचाही अतिरेक होतो. फार लहान बाळाला लंगोट, सक्शन (नळीने चिकटा ओढून काढणं), टोचणं, कूस बदलणं आणि फीड असं एका दमात केलं तर ते पार थकून जातं. दोन-तीन कामं करा, थांबा, बाळाकडे बघा, मग पुढे जा. तातडीचं नसेल तर झोपलेल्या बाळाला उठवू नका. मी हे क्ष-किरणवाल्यांना सांगितलं तर ते ऐकत नाहीत. तुम्ही लेखी सांगितलं तर ऐकतील. विभागात दुपारी आणि रात्री ठरावीक तास असे ठेवा की तातडीखेरीज कुणीही पेटी उघडणार नाही. हा आदेश काढायचा अधिकार सिस्टरकडे नसतो.

आता दुखण्याबद्दल. नवजात बाळाला वेदना कळतच नाहीत, अशा समजुतीवर एकेकाळी मोठमोठ्या शस्त्रक्रिया जुजबी भूल देऊन आणि स्नायू सैल करणाऱ्या औषधावर होत असत. हे फार जुनं नाही. ऑक्सफर्डमध्ये काम करणारे भारतीय वंशाचे डॉक्टर कंवलजीत आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये दाखवलं की शस्त्रक्रियेच्या वेळी अपुऱ्या दिवसांच्या बाळांना वेदनाशामक औषध दिलं तर शरीरावरचा ताण कमी राहतो आणि नंतरची गुंतागुंतही घटते. शस्त्रक्रियेपुरता प्रश्न तेव्हा बराचसा सुटला. रोजच्या टोचण्याचा सुटला नाही. पॅरिस परिसरातल्या अतिदक्षता विभागांत ४३० बाळांवर लक्ष ठेवून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात बाळामागे दिवसाला, मधला आकडा धरला तर, दहा वेदनादायक गोष्टी नोंदल्या गेल्या, आणि पाचांतल्या जवळपास चार वेळा त्या वेदनेवर मुद्दाम काहीही दिलेलं नव्हतं. तेही श्रीमंत देशातल्या विभागांत.

टाच टोचायच्या आधी दोन मिनिटं जिभेवर साखरेच्या द्रावणाचे थेंब, डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. किंवा आईचं दूध. चोखायला काहीतरी. दुसऱ्या माणसाने दोन तळहातांत बाळ आवळून धरणं, एक हात डोक्याशी आणि एक पायांशी, हातपाय पोटाशी दुमडलेले. शक्य असेल तर आईच्या छातीवर असतानाच टोचणं. हे सगळं सिद्ध झालेलं आहे, स्वस्त आहे, आणि तरी होत नाही, कारण रक्त घेणाऱ्याला एकट्याने, पटकन ते उरकायचं असतं. म्हणून माझी मागणी साधी आहे. तापमानाच्या रकान्याशेजारी वेदनेचा रकाना हवा. वेदना मोजायच्या मान्य पट्ट्या १९९०च्या दशकापासून उपलब्ध आहेत. एक निवडा आणि वापरायला लावा. आणि दुसरी मागणी त्याहून साधी: रोज राउंडला प्रत्येक तपासणीपुढे विचारा, ही आज लागणारच आहे का? जी टोचणी टळली तिला साखर लागत नाही.

हात लावण्याबद्दल एक बाब आई-वडिलांना फार वेळा चुकीची शिकवली जाते. माणूस स्वभावतःच बाळाला बोटाने हलकं कुरवाळतो. फार लहान बाळाच्या कातडीला ते कुरवाळणं बोचतं आणि ते दचकतं. त्याला स्थिर, ऊबदार, थोडा वजनदार हात हवा असतो, ठेवलेला आणि न हलवलेला. काढतानाही हळूच काढायचा. हे वडिलांना एकदा दाखवलं की पेटीशी घाबरून उभा असलेला माणूस खाली बसतो.

बाळ सपाट गादीवर उताणं, बेडकासारखे पाय फाकून पडलेलं असतं तेव्हा त्याला कुठेच टेकण मिळत नाही. आठवडेच्या आठवडे असं गेलं तर खांदे मागे ओढलेले, कंबर बाहेर वळलेली आणि डोकं दोन्ही बाजूंनी चपटं होतं. भोवती कापडाची गुंडाळी, हात मधोमध, पाय दुमडलेले, दर काही तासांनी कूस बदल. पहिल्या ७२ तासांत फार लहान बाळाचं डोकं मधोमध सरळ ठेवा आणि लंगोट बदलताना पाय वर उचलू नका, कुशीवर वळवा. मेंदूत रक्तस्राव होण्याचा धोका त्याच दिवसांत सर्वाधिक असतो. वजन करताना, अंघोळ घालताना कापडात गुंडाळून घ्या. आणि घरी जायच्या आधी काही दिवस बाळाला उताणं, गुंडाळ्यांशिवाय झोपवायची सवय लावा. मॉनिटर असताना पालथं झोपवलेलं आई बघते आणि घरी तसंच करते. घरी मॉनिटर नसतो.

फीडबद्दलही तोच घाईचा रोग. चोखणं, गिळणं आणि श्वास यांचा मेळ चौतीस आठवड्यांच्या आसपास बसू लागतो. त्याआधी नळीने दूध जात असताना कोरडं चोखायला दिलं तर बाळ लवकर शिकतं. पण घड्याळात वाजले म्हणून, वजनाचा आकडा गाठायचा म्हणून, झोपलेल्या बाळाच्या तोंडात दूध सारलं की ते निळं पडतं, आणि तोंडाशी काही आलं की घाबरायला शिकतं. ते घाबरणं पुढे महिनोन्महिने पुरतं.

इथपर्यंत लिहिलेल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीला एक माणूस लागतो जो दुसरं काही करत नाही, फक्त या एका बाळाकडे बघतो. तो माणूस बाहेर बाकावर बसलेला आहे. आत यायला त्याला सकाळी अर्धा तास आणि संध्याकाळी अर्धा तास दिलेला आहे.

तुमची दोन उत्तरं मला पाठ आहेत. पहिलं संसर्गाचं. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांतल्या रुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेने मोठी चाचणी घेतली. जन्मवजन एक किलो ते १७९९ ग्रॅम अशी ३,२११ बाळं होती. अर्ध्यांच्या बाबतीत बाळ स्थिर होईपर्यंत न थांबता जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत, म्हणजे बाळाला छातीवर त्वचेला त्वचा लावून ठेवणं, सुरू केली, आणि त्यासाठी आईला थेट अतिदक्षता विभागातच पलंग दिला. आई तिथे दिवसरात्र राहिली. २०२१ मध्ये निकाल आला: पहिल्या २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर, म्हणजे चौथ्या हिश्शाने कमी. फायदा इतका स्पष्ट होता की चाचणी ठरल्याआधी थांबवली गेली. आणि संशयित जंतुसंसर्ग? ज्या गटात आई आत राहत होती त्यातच तो कमी होता, २७.८ टक्क्यांऐवजी २२.९. आईच्या अंगावरचे जंतू बाळाचे आपले असतात, तिचं दूध त्यांच्याशी लढायला बाळाला शिकवतं. विभागातले जंतू एका पेटीकडून दुसऱ्या पेटीकडे नेणारे हात बहुतेक वेळा आमचेच असतात. हात धुणं आईलाही शिकवता येतं, आणि ती आमच्यापेक्षा नेमाने धुते. संघटनेने २०२२ च्या शिफारशींत कांगारू पद्धत लगेच सुरू करा आणि दिवसाला ८ ते २४ तास द्या असं लिहिलं आहे. अर्ध्या तासाच्या भेटीत हे कसं बसवायचं ते तुम्हीच सांगा.

दुसरं उत्तर: माणसं कमी आहेत, नातेवाइकांना कोण सांभाळणार? कांगारू पद्धत सुखवस्तू रुग्णालयात जन्मली नाही. १९७८च्या सुमारास कोलंबियातल्या बोगोटात डॉक्टर एडगर रे सानाब्रिया यांच्याकडे पेट्या अपुऱ्या होत्या, एका पेटीत एकापेक्षा जास्त बाळं ठेवावी लागत होती, संसर्गाने ती दगावत होती. त्यांनी बाळं आईच्या छातीशी बांधली. त्या शहरातल्या अशा मुलांचा वीस वर्षांनंतर मागोवा घेतला, तेव्हा त्यांच्यात अतिचंचलपणा, आक्रमकपणा आणि शाळा बुडवणं पेटीत वाढवलेल्या मुलांपेक्षा कमी आढळलं. एस्टोनियातल्या टाल्लिनमध्ये १९७९ मध्ये डॉक्टर आदिक लेविन यांनी बाळांच्या आयांना चोवीस तास आत घेतलं, त्याचंही कारण परिचारिका पुरेशा नव्हत्या हेच. पुढे कॅनडाने त्यावरून धडा घेतला. कॅनडा, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड मिळून २६ विभागांत झालेल्या चाचणीत पालक दिवसाला किमान सहा तास बाळापाशी राहिले, लंगोट, फीड, नोंदी, राउंडला बाळाची माहिती सांगणं हे सगळं त्यांनी केलं. बाळांचं वजन जास्त वाढलं, पालकांचा ताण कमी झाला. म्हणजे माणसं कमी असणं हे आईला आत घेण्याचं कारण आहे, बाहेर ठेवण्याचं नाही.

सुरुवातीला आमचं काम वाढतं, हे मी लपवणार नाही. छातीवर ठेवताना नळ्या सांभाळाव्या लागतात, दोघी लागतात. काही आया बाळंतपणानंतर स्वतः आजारी असतात, काहींना घरी दुसरं मूल असतं, काही जणी घाबरून हात लावायलाच तयार नसतात. त्यांच्यावर सक्ती नको आणि टोमणे तर नकोतच. वडील, आजी, मावशीही बाळाला छातीशी धरू शकतात. काही सहकाऱ्यांना आपल्या कामावर दिवसभर कुणीतरी डोळा ठेवून असलेलं आवडत नाही, हेही खरं कारण आहे आणि ते कुणी बैठकीत बोलत नाही. पण काही आठवड्यांत आईला मॉनिटरपेक्षा आधी कळायला लागतं की आज बाळ ठीक नाही. अशा आईला आत ठेवणारा विभाग माझ्या मते जास्त सुरक्षित असतो.

यंत्रांची यादी पुढच्या वेळी कराल तेव्हा तिच्यात टेकून बसता येईल अशा, पाय वर घेता येतील अशा खुर्च्या घाला, पेटीमागे एक. दूध काढायला आडोसा असलेली जागा घाला. अलार्मचा आवाज कमी-जास्त करता येणारी यंत्रं मागा. ऑडिटमध्ये तीन आकडे वाढवा: कांगारूचे तास, वेदनेची नोंद झालेल्या टोचण्या, आणि पेटी न उघडलेला सलग वेळ. तुम्ही विचारायला लागलात की महिन्याभरात आम्ही लिहायला लागू, आणि लिहायला लागलो की करायलाही लागू. आम्हाला तुम्ही चांगले ओळखता.

आणि रात्री आई-वडिलांना बाहेर काढून दार लावायचा नियम आपल्याकडे कोणी, केव्हा आणि कशासाठी केला, ते जुन्या परिपत्रकांत एकदा शोधायला सांगा. कारण सापडलं तर सूचनाफलकावर लावा, आम्हीही वाचू. नाही सापडलं तर त्याच रात्रीपासून दार उघडं ठेवा.

आपली,
नवजात अतिदक्षता विभागातली एक परिचारिका